दुरुस्तीला गेलेला पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, रंगमंचाचा. एका हायस्कूलच्या सभागृहात माझा जन्म सार्थकी लागायचा होता. तो लागला मैदानावर, आणि तेही मला पाडल्यावर.

जाड सुती कापड, गडद तांबडा रंग, खाली सोनेरी काठ. शिंप्याने मला दोन भागांत शिवलं आणि रंगमंचावर टांगलं. दिवस बरे चालले होते. वर्षातून एकदा नाटक, बाकी सगळी भाषणं. एखादं भाषण फारच लांबलं की आपण होऊन मिटावं असं मला वाटायचं. पण माझी दोरी शिपायाच्या हातात आणि शिपायाची दोरी मुख्याध्यापकांच्या हातात.

त्या वर्षी शाळेत शिवणाच्या नव्या बाई आल्या. अंगाने किरकोळ, आवाज हळू. एके दिवशी शिवणाचा तास चालू असताना मुलांच्या मैदानावरून एक व्हॉलीबॉल उडत आला. वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी दोन्ही हात जोडून तो मनगटांवर घेतला आणि असा परतवला, की तो मैदान ओलांडून क्रीडाशिक्षकांच्या चहाच्या कपात उतरता उतरता राहिला. मुलींच्या हातातल्या सुया हातातच राहिल्या.

"बाई, हे तुम्ही कुठे शिकलात?" वर्गातली सगळ्यात उंच मुलगी म्हणाली. तिला सगळे शिडी म्हणत.

"कॉलेजात. आमचा संघ होता."

"मग आम्हाला पण शिकवा ना!"

एवढ्याशा गोष्टीसाठी शाळा समितीची बैठक भरली. ती सभागृहात, माझ्यासमोरच झाली, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

समितीत एक डॉक्टर होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "मुलींचं हृदय मुळातच नाजूक असतं. उड्या मारल्या की त्यावर ताण येतो."

"आणि दोरीवरच्या उड्या?" बाईंनी विचारलं.

"त्या वेगळ्या."

कशा वेगळ्या, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मुख्याध्यापकांना हृदयाची फारशी काळजी नव्हती, त्यांना रस्त्याची होती. "मैदानाला लागून रस्ता आहे. येणारेजाणारे बघतील."

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "खेळायला आमची हरकत नाही. दिसायला आहे."

मग सगळे विचारात पडले. विचारात पडलेला माणूस वर बघतो. वर मी होतो.

झालं! दुसऱ्याच दिवशी मला खाली उतरवलं. मैदानाच्या एका कोपऱ्याला दोन बाजूंनी उंच भिंती होत्या. उरलेल्या दोन बाजूंना बांबू रोवून, दोरी बांधून मला टांगलं. माझा एक भाग रस्त्याकडे, दुसरा मुलांच्या मैदानाकडे. आत मुलींनी खेळायचं. स्कर्ट गुडघ्याच्या खाली हवा, आत पुरुषांनी जायचं नाही आणि मुलींनी ओरडायचं नाही, अशा अटी घातल्या गेल्या. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर मुलीने आणायला जायचं नाही, शिपायाने जायचं. शिपाई सुपारी कातरून झाल्याशिवाय जायचा नाही. त्यामुळे मुली चेंडू भिंतीपलीकडे जाऊच देईनाशा झाल्या.

ओरडायच्या बंदीने तर कमाल केली. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू आपण घेणार असलो की "माझा!" म्हणून ओरडावं लागतं. मुली सुरुवातीला कुजबुजायच्या. दोघी एकदमच कुजबुजल्या की एकमेकींवर आदळायच्या. कपाळाला टेंगूळ आलं की तेही आवाज न करता चोळायचं. पण हळूहळू त्यांना एकमेकींच्या पावलांवरून, खांद्यांवरून कळायला लागलं, की कोण पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार. मुलांच्या संघाला नवे चेंडू, स्वतंत्र शिक्षक आणि पूर्ण मैदान मिळालं होतं. ते खूप ओरडायचे आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत सन्मानाने हरायचे.

आता शिडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती त्याच डॉक्टरांची मुलगी होती. घरातून निघताना वडिलांनी "कुठे?" म्हणून विचारलं की ती सांगायची, "शिवणाच्या बाईंकडे." यात खोटं काहीच नव्हतं. आईला सगळं ठाऊक होतं. खरचटलेल्या गुडघ्यांना रोज हळद कोण लावणार? आणि संघात कोणकोण आहे हे समितीने कधी विचारलं नाही. ज्या मुली दिसू नयेत असं ठरलं होतं, त्यांची नावं विचारणं त्यांना बरं दिसलं नसावं.

म्हणजे बापापासून लेकीला लपवायचं काम माझ्याच अंगावर आलं होतं. ज्यांनी मला टांगलं त्यांच्याच विरुद्ध मी कामाला लागलो होतो. त्या काळात मला माझा थोडा अभिमान वाटू लागला, हे खरं.

ऊन खाऊन माझा तांबडा रंग विटका पडला. चेंडूचे फटके बसून सोनेरी काठ लोंबायला लागला. बांबूच्या खिळ्यात अडकून मला एक भोकही पडलं, नेमकं खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मग ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती ते घडलं. शाळांच्या स्पर्धेत आमच्या मुली एकेक सामना जिंकत गेल्या आणि अंतिम सामना आमच्याच मैदानावर ठरला. समिती हरखून गेली. शाळेच्या कपाटात अजून एकही कप नव्हता. कप हवा होता, फक्त तो मिळताना दिसायला नको होता.

त्यावर समितीने तोडगा काढला. मान्यवरांच्या खुर्च्या माझ्या बाहेरच्या अंगाला मांडल्या. तिथे बसून त्यांनी सामना ऐकायचा. पंच पुरुष होते, म्हणून त्यातल्या त्यात म्हातारे निवडले. त्यांच्या चष्म्याची काच जाड आहे, ही गोष्ट मुख्याध्यापकांना विशेष आवडली.

सामन्याच्या दिवशी मान्यवर बसले, पाणी आलं, हार आले. तेवढ्यात शिडीची आई फाटकातून आत आली. मागे आणखी बऱ्याच आया, एक आजी आणि दोन मावश्या.

डॉक्टर उठून उभे राहिले. "तू इथे कशी?"

"शिवणकाम बघायला," आई म्हणाली, आणि माझी कड उचलून आत गेली.

"अहो, आत जायला मनाई आहे!" मुख्याध्यापक म्हणाले.

"पुरुषांना," मागून येणाऱ्या आजींनी सांगितलं, आणि त्याही आत गेल्या. नियम समितीनेच केलेला होता.

सामना सुरू झाला. बाहेरच्यांना धपधप असे आवाज ऐकू येत होते. अध्यक्ष अधूनमधून टाळ्या वाजवत होते, बहुतेक वेळा चुकीच्या जागी. आत आया मात्र ओरडत होत्या. ओरडायची बंदी खेळणाऱ्यांना होती, बघणाऱ्यांना नव्हती.

"काय चाललंय काय आत?" अध्यक्षांनी विचारलं. "डॉक्टर, तुमच्यासमोर भोक आहे. जरा बघा. वैद्यकीय दृष्टीने."

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि वैद्यकीय दृष्टीने डोळा लावला. त्यांच्या पापण्या मला लागत होत्या, फडफड फडफड. मग त्या एकदम थांबल्या.

समोर त्यांची मुलगी हवेत होती. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, हात मागे ताणलेला, वेणी उडालेली. तिने चेंडू मारला आणि तो पलीकडच्या संघाच्या पायाशी धाडकन आदळला.

आता मी घाबरलो. हा माणूस आत घुसेल, हाताला धरून तिला घरी नेईल, म्हणजे मुलींचा सामना संपला आणि माझं असणंही संपलं. माझ्या जाडीला काय अर्थ उरणार?

"काय दिसतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टरांनी भोकावरचा डोळा काढला नाही. मग म्हणाले, "विशेष काही नाही. चाललंय."

"बघू, मला बघू द्या."

"थांबा हो!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी भोक धरून ठेवलं.

खुर्ची केव्हाच मागे कलंडली होती. डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या मागे मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांच्या मागे अध्यक्ष, सगळे वाकलेले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मुली दिसत नव्हत्या, पण समिती दिसत होती. लोक थांबून बघू लागले.

शेवटचा गुण राहिला होता. चेंडू शिडीच्या डोक्यावरून मागे चालला होता.

"मागे! अगं मागे बघ!" डॉक्टर ओरडले.

शिडीने आवाज ओळखला. तिचा चेहरा पांढरा पडला. पण पाय मागे धावलेच. तिने जमिनीवर अंग टाकलं, चेंडू मनगटावर झेलला, पुढच्या मुलीने तो जाळीपलीकडे लोटला, आणि आया अशा काही किंचाळल्या की बाहेर अध्यक्षांनी पहिल्यांदाच योग्य जागी टाळी वाजवली.

आता बक्षीस द्यायचं होतं. मुली खेळाच्या कपड्यांत, घामाने ओल्या, धुळीने माखलेल्या. त्यांना बाहेर कसं आणणार? मुख्याध्यापकांनी लगेच घोषणा केली, "विजयी संघाच्या कर्णधाराने पडद्याच्या फटीतून हात बाहेर काढावा. अध्यक्षसाहेब कप हातात देतील."

कर्णधार शिडीच होती. तिने बाईंकडे पाहिलं. बाई बाजूला झाल्या.

फटीतून एक हात बाहेर आला. खरचटलेला, मातीने भरलेला. अध्यक्षांनी कप पुढे केला.

हाताने कप घेतला नाही. हाताने मला धरलं, आणि ओढलं.

दोरी तुटली, बांबू वाकले, मी खाली आलो. अर्धा धुळीत, अर्धा मुख्याध्यापकांच्या अंगावर. समोर अख्खा संघ उभा होता. रस्ता बघत होता, मैदान बघत होतं.

"कपाला दोन कान आहेत, साहेब," शिडी म्हणाली. "एका हाताने कसा धरू?"

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "ही तुमची मुलगी ना?"

डॉक्टर पुढे गेले. तिने मान खाली घातली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागले. सगळे थांबले.

"हृदय कसं आहे?" मुख्याध्यापकांनी माझ्याखालून डोकं काढून विचारलं.

"तिचं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "माझं तपासून घ्यावं लागेल."

मग कप दिला गेला, दोन्ही हातांत. बापलेक घरी गेल्यावर काय बोलले ते मला माहीत नाही. पुढच्या सामन्यांना मात्र डॉक्टर खुर्ची घेऊन यायचे, आणि मुलीला नको इतक्या सूचना करायचे.

समिती अर्थातच पुन्हा भरली. निर्णय असा झाला, की पडदा आवश्यकच आहे, पण तो फाटला आहे. शिवणाच्या बाईंनी तो दुरुस्त करून द्यावा, आणि तोपर्यंत तात्पुरता खेळ पडद्याविना चालू ठेवावा.

बाईंनी मला घडी करून शिवणवर्गाच्या कपाटात ठेवलं. मुख्याध्यापक अधूनमधून दारात येऊन विचारायचे, "झाला का पडदा?"

"होतोय, सर. या रंगाचा दोरा मिळत नाहीये."

पुढे दोरा मिळाला तर सुई जाड निघाली. सुई मिळाली तर मशीन बिघडलं. मुख्याध्यापक निवृत्त झाले, नवे आले, त्यांनीही विचारलं. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच हळू आवाजात. त्या निवृत्त झाल्या तेव्हाही मी दुरुस्तीतच होतो. माझ्यात एक टाकाही पडला नव्हता. मैदानावरचा तात्पुरता खेळ तोवर चांगला रुळला होता.

आता मी क्रीडासाहित्याच्या खोलीत असतो. मैदान खडकाळ आहे, म्हणून मुली सरावाच्या वेळी मला जमिनीवर अंथरतात आणि माझ्यावर अंग झोकून चेंडू उचलायला शिकतात. आयुष्यभर उभा राहिलो, आता आडवा पडून मार खातो. तक्रार नाही. फक्त वर्षातून एकदा तरी धुवा, एवढंच म्हणणं आहे.

परवा एका मुलीने गुडघ्यावरची धूळ झटकत विचारलं, "हे एवढं मोठं कापड कशाचं असेल गं?"

दुसरी म्हणाली, "तंबूचं असेल."

तिसरी म्हणाली, "छे, गाडी झाकायचं असणार."

खूप डोकं चालवलं पोरींनी. पण खरं उत्तर एकीलाही सुचलं नाही. मी तुम्हाला सांगितलंय, तर माझं एक ऐका. त्यांना खुशाल सांगा, हसतील बिचाऱ्या. पण समितीच्या कानावर जाऊ देऊ नका. मी अजून चांगला मजबूत आहे, आणि बैठकीत बसलेला माणूस कधी वर बघेल याचा नेम नाही.