सदतीस नंबरची हाक

मित्रांनो, "सदतीस नंबर!" अशी हाक कुठे ऐकू आली, तर मला सांगाल का? मी एका बंद पडलेल्या बँकेचं जुनं पितळी टोकन आहे.

ठशाखाली माझा जन्म झाला. पोटावर ३७ उमटलं. पैसे काढायला येणाऱ्याच्या हातात मला देत. कॅशियरकाका माझा नंबर पुकारत, मी जाळीआड परत जाई आणि पैसे बाहेर येत. किती तळहात पाहिले मी! लग्नघराचे गरम, दवाखान्यात निघालेले गार.

तिजोरीत मात्र सगळ्यांचे पैसे कधीच नसत. त्यात लबाडी नव्हती. शिंपीणकाकूंची बचत बँकेने बेकरीवाल्याला भट्टीसाठी दिली होती. भट्टी पेटे, पाव खपे, व्याज येई, त्यातलं थोडं काकूंच्या खात्यात पडे. सगळे एकदम मागायला येणार नाहीत, एवढ्या भरवशावर हे उभं होतं.

एका सकाळी मागची भिंत खचली. शिपाई फोनवर गवंड्याला म्हणाला, "अहो, बँकेची भिंत बसली, लवकर या." दारातल्या गिऱ्हाइकाने अर्धंच ऐकलं. दुपारपर्यंत गावभर झालं, बँक बसली!

रांग रस्त्यावर गेली. मी शिंपीणकाकूंच्या घामेजल्या मुठीत होतो, नव्हे, होतं. भीतीने माझंही भान सुटलं होतं. लेकीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते ते. मागे बेकरीवाला, गल्ल्याची जमा काढायला आलेला.

"काकू, सरका की जरा!"

"भट्टी आमच्या पैशांची, आणि वर मलाच ढकलता?"

कॅशियरकाका जाळीतून ओरडले, "अहो, भिंत बसलीय! बँक धडधाकट आहे!"

"मग टाका आमचे पैसे पुढ्यात!"

छत्तीसपर्यंत पुकारा झाला. मग शटर खाली आलं.

बँकेने कर्ज तातडीने परत मागितल्यावर बेकरीची भट्टी विझली. काकूंना पैसे मिळाले, पण फार उशिरा आणि तेही अर्धे. तोवर लेकीचा एक डोळा गेला होता. भिंत मात्र गवंड्याने आठवड्यात बांधली. ती अजून उभी आहे.

मित्रांनो, कानावर आलेलं पुढे ढकलण्याआधी एकदा त्या भिंतीपर्यंत चालत जा. विश्वास माझ्यासारखा पितळेचा नसतो.

आता मी त्या लेकीच्या कपाटात असतं. घर शांत झालं की हाक येते, मी दचकतं. नळ ठिबकत असतो. परवा तिच्या मुलाने मला उचललं. "आई, याचं काय मिळतं गं?"

तिने मला चांगल्या डोळ्याजवळ धरलं.

"काही नाही रे. ठेव खाली. त्याचा नंबर लागायचाय अजून."