नक्षीच्या बरणीतली वाइन

लग्नसराईमुळे धसईच्या बाजारात हळदीची पाकिटं संपली होती. बारकूला रोज संध्याकाळी जुनी गाणी आठवू लागली होती. त्याच्या घरातल्या फळीवरची नक्षीदार काचेची बरणी टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची.

तो नाद ऐकला आणि रसायनशास्त्र शिकणारी त्याची धाकटी लेक मनस्वी बरणीकडे धावली. ही तर शिसं घातलेली काच! आंबट वाइनमध्ये ते हळूहळू उतरतं. आणि आईने ताईच्या हळदीसाठी केलेली जांभळाची वाइन महिनाभर हिच्यातच होती.

"आये, फेकून दे सगळी! विष झालंय गो तिचं."

तिचा बाप बारकू पांढराफटक पडला. "मी तर रोज दोन घोट घेतो. चढते पण मस्त."

तिची आई हौसा हसत सुटली. "लवंग टाकलेलं बिटाचं पाणी चढतं व्हय तुमाला? रोज सकाळी ताजं भरते. खरी वाइन साध्या बाटल्यांत हाय, कणगीमागं. तुमच्यापासून लपवली."

"म्हंजे मी बिटावर नाचलो?"

"आन् शेजारच्या रामूभावजींना पण नाचवलात!"

मनस्वीने हसून हसून डोळे पुसले, पण बरणी रिकामी करून माळ्यावर ठेवली. "आता हिच्यातलं पाणी पण नाय प्यायचं."

हळदीला सगळी आळी नाचली. बारकू जरा बेतानेच.

बारकू जिच्याकडे कामाला जायचा, त्या कल्याणच्या शेठाणीने त्याला ती बरणी दिली, तेव्हा तिच्यात गुलाब होते; ती मुळात फुलदाणीच होती.