पाच लिटर समुद्र

मी समुद्र बोलतोय. सगळा नव्हे, पाच लिटर. गोडेतेलाच्या कॅनमध्ये राहतो, म्हणून आवाज जरा कोंदट येईल.

वडगाव रासाईच्या अलीकडे भीमेकाठी एक गाव आहे. तिथं सरकारी पत्र आलं: देशभर समुद्र सप्ताह साजरा करावा, समुद्रासह फोटो पाठवावा. घाटावरच्या गावांना त्यात सूट नव्हती. सरपंच मुक्ताबाई म्हणाल्या, "सगळं गाव समुद्राकडं कुठं न्यायचं? त्यालाच हिकडं आना." पंचायतीचा शिपाई रोहिदास अलिबागला गेला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं मला भरलं. तो माझा जन्म.

दौंडच्या गाडीत त्यानं मला खिडकीची जागा दिली. शेजारच्यानं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"समुद्र. ऑफिसचा हाय."

शेजारच्यानं अदबीनं पाय आखडले.

गावात मला शाल, श्रीफळ मिळालं. फोटो झाला, मग संरक्षण सुरू झालं. मी कुलूपबंद कपाटात, कपाटावर 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी आणि देखरेखीला सात जणांची समिती. पण रोज नवे पाहुणे, आणि प्रत्येकाला माझं तीर्थ. तोंड वाकडं व्हायचं, तरी म्हणायचे, "लई ग्वाड हाय." चार दिवसांत मी दोन लिटर उरलो. घरी परतायला आपण शिल्लक राहू का, या भीतीनं मी आतल्या आत हिंदकळत होतो.

समितीनं ठराव केला, हापशाचं पाणी आणि मीठपुडी टाकून पातळी राखावी. तेव्हा ऑफिस झाडणारी म्हातारी धुरपदाबाई झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"म्या जन्मात समुद्र बघितला न्हाई. हा येवढाच हाय. ह्यात हापसा कालवू नगा."

"मग संपल की तो, मावशी," रोहिदास म्हणाला.

"तर मग पिऊ नगा."

हा उपाय समितीला सुचलाच नव्हता.

सप्ताह संपल्यावर दुसरं पत्र आलं: समुद्राचं ते समुद्राला परत करावं. पण पुन्हा अलिबागला जायला रोहिदासची रजा उरली नव्हती. भीमेत सोडायचं ठरलं. तेवढ्यात शाळेतल्या प्रतिभाबाईंनी सांगितलं, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. मी पश्चिमेचा.

शेवटी धुरपदाबाईनंच मला कडेवर घेऊन नदीवर आणलं. काठावर बसून म्हणाली, "दुसरा समुद्र असला म्हनून काय झालं? तुझीच भावकी असंल. गेल्यावर सांग, आमी तुला जपला व्हता."

तोवर तिनं एकदाही तीर्थ घेतलं नव्हतं. आता तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे पुसले.

"खारट हायस रं."

या गावात माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच. मला तिला सोडून जाववेना.

पण आता कॅन कलंडतोय. पुढं मोठं धरण लागतं म्हणे. तिथं कुणी मला अडवलं, तर माझ्यासाठी एवढं सांगा: जाऊ द्या त्याला, ऑफिसचा आहे.