नव्वदवर अडलेला काटा

बेकरीत त्याला सगळे 'डबल' म्हणत. बाकावर तो बसला की दुसऱ्याला टेकायलाही जागा उरत नसे, म्हणून. या नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पण थोरल्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तपासण्यांत याचंच मूत्रपिंड जुळलं, आणि डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. काटा एकशे दोनवर गेला. पंच्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय शस्त्रक्रियेचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

डबल इरेला पेटला. चार महिन्यांत बारा किलो उतरले. बायकोने त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पाडली. मग नव्वदवर काटा जो अडला तो अडलाच. पाच आठवडे तसूभर हलेना. त्याने रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळची न्याहारीही. काट्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. घरात मात्र चिडचिड इतकी वाढली की बायको त्याच्या वाऱ्याला उभी राहीना.

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. दुपारी चारला भट्टीतून गोड पाव निघत आणि त्या वासाने त्याची भूक खवळे. एके दिवशी मैद्याच्या पोत्यांआड उभं राहून त्याने सहा पाव गिळले, चवही न घेता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते रोजचंच झालं.

मंगळवारी तो बहिणीला डायलिसिसला घेऊन गेला. ती शिक्षिका होती. एक हात यंत्राला जोडलेला असताना दुसऱ्या हाताने ती मुलांच्या वह्या तपासत असे. डबलने शेजारी बसून आधी काट्याला नावं ठेवली, मग आपल्या अंगाच्या ठेवणीला. एका वहीवर शेरा लिहून झाल्यावर तिने विचारलं, "कामावर काय खातोस?"

मान खाली घालून त्याने पावांचं सांगून टाकलं. ताई आता फाडून खाणार, असं त्याला वाटलं.

"मला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी," ती म्हणाली. "चहा, औषधं, सगळं त्यातच. आधी मी तहानेशी भांडायचे, तर ती आणखी चढायची. आता घड्याळ बघते आणि एखादं कपाट आवरायला घेते. वीस मिनिटांत उतरते. जात नाही, उतरते. आणि तहान लागलीय हे घरात कुणालातरी सांगते. लपवलं की हमखास जास्त पिते."

एवढं बोलून तिने पुढची वही ओढली.

त्याच मजल्यावर आहारतज्ज्ञ बाई बसत, डबलने त्यांनाही पावांचं सांगितलं. अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी, म्हणून उतार थांबतो, असं त्यांनी समजावलं. पण उपाशीपोटी त्या वासापुढे कुणाचाच टिकाव लागायचा नाही. तिन्ही वेळा मोजकं जेवायचं, साडेतीनला दोन उकडलेली अंडी खायची आणि रोजचं चालणं वाढवायचं.

डबलने मुकादमाला सरळ सांगितलं, की चारला मला पाव खावेसे वाटतात, तेव्हा मला भट्टीपाशी ठेवू नका. बेकरीभर हसू पिकलं. पण तेव्हापासून चारला दहा कमी असताना कुणी ना कुणी त्याला मागच्या अंगणात ट्रे घासायला पिटाळू लागलं.

दोन आठवडे काटा ढिम्म. तिसऱ्या आठवड्यात एकोणनव्वद. मध्ये एकदा तो घसरला, दोन पाव खाल्ले. संध्याकाळी बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी उपास न करता नेहमीसारखा जेवला. दहा आठवड्यांनी चौऱ्याऐंशी भरले.

तेव्हा बहिणीनेच खोडा घातला. डॉक्टर महिनाभर थांबायला तयार होते आणि परीक्षा संपेपर्यंत ती वर्ग सोडायला तयार नव्हती. "उतरवायचं कबूल केलं होतं, राखायचं कुणी कबूल केलं होतं?" असं डबल बायकोपाशी कुरकुरला. पण राखलं. काटा शेवटच्या आठवड्यात चौऱ्याऐंशी किलो आठशे ग्रॅमपर्यंत चढला होता.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. बहिणीच्या अंगात मूत्रपिंड त्याच दिवशी कामाला लागलं. डबलला मात्र काही आठवडे जड उचलायची मनाई होती, म्हणून कामावर परतल्यावर मालकाने त्याला पुढच्या गल्ल्यावर बसवलं. तिथे आदल्या दिवशीचे गोड पाव सकाळपासून हाताशी. पहिल्याच दिवशी त्याने शेजारच्या विक्रेत्या बाईंना आपली अडचण सांगितली. त्यांनी ट्रे दुसऱ्या टोकाला सरकवला आणि गिऱ्हाईक खोळंबलंय, तिकडे बघा म्हणाल्या.