लाल ठिपक्याची साक्ष

मी एक जुना ठिपका आहे. हसू नका, मित्रांनो. आपली कहाणी सांगायला हत्तीच असावं लागतं, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. शर्टाच्या बटणाला जेवढं भोक असतं, तेवढाच मी. एका मोबाईल फोनच्या पोटात, सिम कार्ड सरकवायच्या फटीशेजारी मला चिकटवलं होतं. जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता लाल आहे. या दोन रंगांच्या मध्ये एका खऱ्या बाईला लोकांनी खोटं ठरवलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं. त्याचा माझ्या जिवाला इतका त्रास होतो की सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब पट्टीवर माझे हजारो भाऊ ओळीने बसलेले होते. वर पांढरा कागद आणि खाली लाल रंगाचा पातळ थर. ओल लागली की लाल रंग वर येणार, एवढीच आमची विद्या. यंत्राच्या चिमट्याने मला उचललं आणि फोनमध्ये डकवलं. मला वाटलं, पाण्यापासून फोनचं रक्षण करायची जबाबदारी आपल्यावर आली. केवढा अभिमान वाटला! पण माझ्याच्याने कसलं रक्षण होणार? मला बसवलं होतं साक्षीदार म्हणून. फोन बिघडला आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की मी लाल होऊन त्याच्याकडे बोट दाखवायचं. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर पट्टीवरूनच उडी मारली असती.

तुम्ही विचाराल, फोनच्या पोटात बसून याला बाहेरचं काय कळणार? माझ्या शेजारी माइक राहत होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. ऐकलेलं सगळं तो मला सांगायचा, आणि कॅमेरा खिशातून बाहेर आला की दिसलेलं सांगायचा. तेवढ्यावर माझं छान चालत होतं.

माझ्या बाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, दिवसभर ढीगच्या ढीग. मोठ्या रोलरच्या इस्त्रीत एका बाजूने चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने बाहेर आली की दोघींनी टोकं धरून चार घड्या घालायच्या. खोलीत एवढी वाफ की भिंतीवरचं घड्याळ कधी दिसायचं, कधी नाही. लाँड्रीत बाईंच्या शब्दाला मान होता. चादर करपली तर बाकीच्या बायका ती गुपचूप ढिगाच्या तळाशी सरकवायच्या. बाई मात्र ती हातात घेऊन सुपरवायझरसमोर उभ्या राहायच्या. "माझ्या हातून करपली," म्हणायच्या, आणि परत कामाला लागायच्या. बाईंनी मोजलेला गठ्ठा वॉर्डात कुणी पुन्हा मोजत नसे.

बाईंचे यजमान बसमध्ये तिकीट तपासनीस होते. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, पण दोन खोडी होत्या. पहिली खोड धंद्याने लावलेली. "तिकीट वाऱ्याने उडालं," "कंडक्टर माझ्यापर्यंत आलेच नाहीत," "आत्ता तर इथेच होतं," असल्या सबबी रोज ऐकून ऐकून त्यांचा माणसाच्या बोलण्यावरचा विश्वासच उडाला होता. "तोंडाला काय, वाटेल ते बोलतं. तिकीट दाखवा," असं ते घरीसुद्धा म्हणत.

दुसरी खोड आमच्या कंपनीची. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्या कंपनीचा फोन हातात धरला नव्हता. माळ्यावर आमच्या कंपनीची रिकामी खोकी रचून ठेवली होती आणि ती टाकू देत नव्हते. चार नातेवाईक जमले आणि कुणी दुसऱ्या कंपनीचा फोन काढला, की हे विचारणार, "किती दिवस टिकेल हा?" मेहुणीने त्यांचं नावच ठेवलं होतं, कंपनीचे जावई. "पण भावजी," ती म्हणायची, "जावयाला सासरचे निदान चहा तरी विचारतात. तुमचं सासर काय विचारतं?" तपासनीस रागवायचे नाहीत. उलट कौतुक झाल्यासारखे हसायचे.

बाईंचा जुना फोन बटणांचा होता. जिन्यावरून घरंगळला होता, दोनदा एप्रनच्या खिशातून धुलाईच्या यंत्रात फिरून आला होता, तरी कोडगा वाजत होता. तो काढून टाकायला लावून तपासनीसांनी मी ज्यात होतो तो फोन आणला. पातळ, चकचकीत, हातातून साबणासारखा निसटणारा. बाई म्हणाल्या, "अहो, चांगला चालतोय की माझा." ते म्हणाले, "अगं, काळाबरोबर जायला नको का?" आणि बाई काळाबरोबर गेल्या.

मी बाईंच्या एप्रनच्या खिशात राहू लागलो. मित्रांनो, बाईंनी फोन फार जपला. हात पुसल्याशिवाय कधी उचलला नाही, नळाजवळ कधी ठेवला नाही. पण लाँड्रीतली वाफ सिमच्या फटीतून आत यायची. रोज थोडी. मी श्वास रोखून बसायचो, पण कागदाला कितीसा श्वास रोखता येणार? चौथ्या महिन्यात माझी कड गुलाबी झाली. आठव्यात मी पुरता लाल झालो. बाईंना पत्ता नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला बोलता येत नाही. मला फक्त लाल होता येतं.

अकराव्या महिन्यात फोन चार्ज होईना. वायर बदलून पाहिली, फुंकर मारून पाहिली, शेवटी तो मेल्यासारखा पडला. माइक आणि कॅमेऱ्याची कुजबुज मात्र थांबली नाही. तपासनीस मात्र खुशीत होते. "वॉरंटी आहे. आता बघ आपली कंपनी कशी करते ते!"

नवराबायको कंपनीच्या केंद्रात गेले. गार हवा, काचेची दारं, नंबराची चिठ्ठी, आणि दीड तास बसायला टणक खुर्च्या. शेवटी काउंटरवरच्या मॅडमनी फोन घेतला, सिमचा ट्रे काढला आणि फटीत बारीक टॉर्च मारला. जन्मापासून पहिल्यांदा माझ्याकडे कुणी निरखून पाहिलं.

"फोन पाण्यात पडलाय," मॅडम म्हणाल्या.

"नाही पडला," बाई म्हणाल्या.

"इंडिकेटर लाल आहे, मॅडम. पाणी लागल्याशिवाय लाल होत नाही. वॉरंटीत बसणार नाही."

"अहो, पण पडलाच नाही तर!"

"सिस्टीममध्ये तसंच येतं, मॅडम. जुन्या ग्राहकांना नव्या मॉडेलवर सवलत आहे, ती सांगू का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तपासनीस माझ्याकडे बघत होते. टॉर्चच्या उजेडात मी चांगला रसरशीत लाल दिसत असणार. त्यांनी घसा साफ केला आणि बायकोला म्हणाले, "नीट आठव."

दोनच शब्द. पण बाईंचा चेहरा असा उतरला की कॅमेऱ्याने मला ते सांगायचंही टाळलं. मागाहून माइककडून कळलं.

आणि कळस पुढेच होता. निघताना दाराशी एक स्क्रीन होता. आमच्या सेवेला किती तारे द्याल? तपासनिसांनी सवयीने पाचही तारे दाबून टाकले. बाई शेजारीच उभ्या होत्या.

घरी आल्यावर भांडण झालं. "जुना फोन नाही का दोनदा धुतलास तू?" तपासनीस म्हणाले.

"धुतला ना! आणि दोन्ही वेळा तुम्हाला कुणी सांगितलं? मीच येऊन सांगितलं ना? मग याच वेळी लपवीन कशाला?"

"लपवलंस असं कुठं म्हणतोय मी? लक्षात राहिलं नसेल. कंपनी कशाला खोटं बोलेल?"

"आणि मी कशाला बोलेन?"

तपासनिसांनी पेपर उघडला. मग बाईंनीही आपलं हत्यार काढलं. "भाजीत मीठ आहे का गं?" त्यांनी विचारलं की बाई म्हणत, "ठिपक्याला विचारा." "माझा डबा भरलास?" "ठिपक्याला विचारा." "तुझी पाठ दुखायची थांबली का?" यावरसुद्धा तेच. चार दिवसांत त्या घरात माझं नाव इतक्या वेळा निघालं की एखाद्या थोर माणसाचं निघणार नाही. आणि मी तर मेलेल्या फोनमध्ये मुकाट पडलेला. अरे बाबांनो, मला कशाला विचारता! मला ओल लागलेली कळते. ती पाण्याची की वाफेची, अपघाताची की कष्टाची, हे मला बनवणाऱ्यांनी शिकवलंच नाही.

शेवटी दोघं फोन घेऊन जिन्याखालच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. खोली केवढी, तर दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. दुरुस्ती करणाऱ्या बाई कपाळावर भिंग बांधून बसत, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या ताई म्हणत. फोन हातात घेताच त्या करवादल्या, "पुन्हा हे असले स्क्रू! मागच्या मॉडेलचा एक पेचकस याला चालत नाही. वरून आत सगळं गोंदाने चिकटवलेलं. उघडता येऊ नये म्हणूनच बनवतात मेले."

त्यांनी फटीतून मला पाहिलं आणि बाईंना विचारलं, "कुठं काम करता?"

"लाँड्रीत. इस्त्रीवर."

"मग वाफेने झाला असेल लाल. होतं कधी कधी. खात्री हवी असेल तर माझ्याकडे नवे ठिपके आहेत. एक एप्रनच्या खिशात चिकटवा. महिना-दोन महिन्यांत कळेल."

तपासनिसांचा चेहरा खुलला. "उत्तम! लावा, लावा. एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

बाई स्टुलावरून उठल्या. आवाज चढला नव्हता, पण माइकने न सांगताही मला तो ऐकू आला.

"नाही ताई. मी परीक्षा देणार नाही. सत्तावीस वर्षं संसार केलाय यांच्याशी. तिथे वॉर्डातल्या परक्या नर्सबाई माझा गठ्ठा मोजून घेत नाहीत, आणि हे मला ठिपका लावून फिरवणार! फोन नीट होवो न होवो. मला नकोच तो."

आणि त्या निघून गेल्या.

तपासनीस तिथेच उभे राहिले. ताईंच्या हातात पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी होती. "मग काय करू? देऊ का एक?" त्यांनी विचारलं. तपासनिसांनी पट्टीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. फोन तिथेच ठेवून तेही गेले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फोन उघडला. उघडताना मी सुटलो, तेव्हा त्यांनी मला टेबलावरच्या रबरी चटईच्या कडेला चिकटवलं. तिथे माझ्यासारखे पुष्कळ लाल भाऊबंद होते. प्रत्येकाने कुणाला ना कुणाला खोटं पाडलेलं.

संध्याकाळी तपासनीस एकटेच आले, खाकी गणवेशातच. ताई प्रत्येक फोनसाठी एक कार्ड भरत. त्यांनी पेन उचललं.

"फोनला पाणी लागलं होतं का? हो, नाही, की माहीत नाही?"

"नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी नाही पाहिलं. ती म्हणाली, नाही पडला. म्हणजे नाही पडला."

ताईंनी भिंग वर केलं. "बहुतेक जण 'नाही'च सांगतात हो, आणि मी 'माहीत नाही' लिहिते. उघडून ठेवलाय, बघा तुम्हीच. आत गंज आहे की नाही ते..."

"नको," तपासनीस घाईने म्हणाले आणि खरंच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रोज शेकडो तिकिटं उलटीसुलटी करून बघणारा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. "मला बघायचं नाही. आधीच बघायला नको होतं. तुम्ही 'नाही' लिहा. शाईने लिहा."

फोन नको म्हणाल्या होत्या, तरी बाई कामावरून परतताना त्याचं काय झालं ते विचारायला आल्या होत्या आणि दारातच थबकल्या होत्या. तपासनिसांची पाठ त्यांच्याकडे होती. बाईंनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग त्यांच्याने राहवलं नाही.

"पण मला बघू द्या ना, ताई!" म्हणत त्या नवऱ्याला कोपराने बाजूला सारून टेबलावर वाकल्या. आत सगळं कोरडं ठणठणीत होतं. चार्जिंगचा जोड कारखान्यातच कच्चा बसवला होता, तो सुटला होता, एवढंच. "बघा! बघा तरी!" बाई म्हणाल्या.

"नाही बघणार," तपासनीस कॅलेंडरकडे बघत म्हणाले. बाईंनी त्यांच्या बाहीला धरून ओढलं, तरी ते वळले नाहीत. मग मात्र बाई हसल्या.

मित्रांनो, फोन बाई घेऊन गेल्या, मी या चटईवरच राहिलो. रोज इथे कुणीतरी येतं, पडलेलं, फुटलेलं, बंद झालेलं काहीतरी घेऊन येतं, आणि कंपनीने आपल्याला खोटं पाडलं म्हणून डोकं धरून बसतं. फोन जपा, हे तर कुणीही सांगेल. माझी विनवणी वेगळी आहे. वस्तू आज आहे, उद्या तिचं नवं मॉडेल येईल. पण तुमच्या घरातलं माणूस "मी नाही केलं" म्हणेल, तेव्हा टॉर्च शोधायला धावू नका. आधी त्याच्या तोंडाकडे बघा.