उजव्या सीटवरचा ब्रेक

मित्रांनो, दार जरा बेताने लावा. आपटायची गरज नाही, माझं दार अजूनही एका बोटाने लागतं. मी एक जुनी मोटार आहे. स्वीडनमध्ये घडलेली, चार दारांची, चौकोनी अंगाची, आणि खरं सांगायचं तर आता पार थकलेली. आपली गोष्ट सांगायला अंगात उत्साह लागतो, आणि तो माझ्यात फारसा उरलेला नाही. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते. मध्येच दम लागला तर थांबेन.

माझ्या जन्माच्या वेळी गाड्या पेट्यांसारख्या बनवत असत. बॉनेट ही एक पेटी, डिकी ही दुसरी आणि मधली मोठी पेटी माणसांसाठी. जाड पत्रा, उंच छप्पर, मोठाल्या काचा, आणि काच खाली करायला फिरवायचा दांडा. रंग मला थिजलेल्या तुपाचा दिला होता. कारखान्यातले लोक फार बोलत नसत, पण प्रत्येक दार पुन्हा पुन्हा उघडून मिटून बघत आणि मान डोलावत. जहाजातून समुद्र ओलांडून मी कॅनडात आले आणि टोरांटोजवळच्या ओकव्हिलच्या एका शोरूममध्ये उभी राहिले.

तिथे उल्हासरावांनी मला पाहिलं. ते मूळचे अकोल्याचे, इकडे येऊन स्थायिक झालेले इंजिनिअर. शेजारीपाजारी सगळ्यांकडे लांबलचक अमेरिकन गाड्या होत्या. पण लहानपणी त्यांच्या गावातले डॉक्टर ज्या विलायती मोटारीतून फिरायचे, ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. "गाडी कशी, गाडीसारखी दिसली पाहिजे," असं म्हणून त्यांनी माझ्या छपरावर थाप मारली. बरोबर त्यांच्या पत्नी अरुणाबाई होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मागे किती जण बसतील?" विक्रेता म्हणाला, तीन. पहिल्याच गणपतीला मागे पाच जण बसले, आणि एकीच्या मांडीवर मोदकांचं पातेलं होतं.

तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा गणपती एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बसायचा, आणि बाहेर पार्किंगमध्ये आम्हा युरोपच्या लेकींचं वेगळंच संमेलन भरायचं. एक फ्रेंच होती. तिच्या सीट इतक्या मऊ, की बसलेला माणूस उठताना दुसऱ्याचा हात मागायचा. एक डिझेलवाली जर्मन खोकत खोकत यायची, पण कधी चुकायची नाही. एक इंग्लिश होती, दिसायला देखणी, पण जाईल तिथे तेलाचा ठिपका ठेवून यायची. आता त्यांतली एकही उरलेली नाही. आज मी कुठेही उभी राहिले की आजूबाजूला सगळ्या उंच, फुगलेल्या, एका साच्यातल्या गाड्या असतात. त्यांचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे मलाही कळत नाही. पेट्रोल भरायला थांबलं की कुणीतरी येतोच. "माय डॅड हॅड वन ऑफ दीज," म्हणतो, माझ्या बॉनेटवरून हात फिरवतो, डोळे ओले करतो आणि आपल्या उंच गाडीत बसून निघून जातो. हळहळायला पेट्रोल लागत नाही, मित्रांनो.

माझं नाव झालं ते मात्र एका निराळ्याच कामामुळे. इथे लायसन्सची रोड टेस्ट द्यायची तर गाडी आपली आपण न्यावी लागते. नव्याने आलेल्या माणसाकडे गाडी कुठून असणार? मग मंडळात कुणीतरी सांगायचं, उल्हासकडे जा. उल्हासराव त्याला रविवारी सकाळी घेऊन जात, शिकवत आणि टेस्टच्या दिवशी मला त्याच्या हवाली करत. डॉक्टर, प्राध्यापक, नवी लग्नं होऊन आलेल्या मुली, पुढे पुढे पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरची पोरं. किती जणांनी माझं स्टीअरिंग घामाने ओलं केलं त्याला गणती नाही. उल्हासरावांचा आवाज कधी चढला नाही. "सावकाश. रस्ता कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणत. अर्ध्या मंडळाने माझ्यावर लायसन्स काढलं.

अरुणाबाईंनी तेवढं काढलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्रयत्न झाला नाही असं नाही. मी नवी होते तेव्हाच एका रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्या माझ्या स्टीअरिंगमागे बसल्या. परक्यांशी इतकं गोड बोलणारे उल्हासराव बायकोशेजारी बसले आणि त्यांचा निराळाच माणूस झाला. ते ओरडले नाहीत. पण घडीघडीला दातांमधून जोरात श्वास आत ओढायचे, जणू आता आदळलोच. त्या श्वासासरशी अरुणाबाई ब्रेक दाबायच्या आणि दोघंही पुढे हिंदकळायची. असं बऱ्याचदा झाल्यावर त्यांनी मला बंद केलं, किल्ली नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि त्या चालत घरी गेल्या. संध्याकाळी ग्रोसरीला जाताना उल्हासराव म्हणाले, "तुला कशाला हवंय लायसन्स? मी आहे ना." प्रेमानेच म्हणाले. सगळा घोटाळा त्यातच होता.

इथे स्टीअरिंग डावीकडे असतं. तेव्हापासून त्या शेजारच्या उजव्या सीटवर बसल्या त्या बसल्याच. त्या टोरांटोत एका बँकेच्या ऑफिसात होत्या. सकाळी उल्हासराव त्यांना गो ट्रेनला, म्हणजे इथल्या लोकलला, सोडत, संध्याकाळी घेऊन येत. यांची मीटिंग लांबली की त्या स्टेशनाबाहेर बर्फात उभ्या. कुठे जायचं असलं की आधी विचारायचं, "अहो, तुम्हाला वेळ आहे का?" आणि रस्त्यात समोर काही आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, उल्हासरावांच्याही आधी. तिथे ब्रेक नव्हता, नुसता गालिचा होता. त्या जागी गालिच्याला भोक पडलं आणि खालचा पत्रा दिसायला लागला. उल्हासरावांनी त्यावर रबरी मॅट टाकली. भोक कशाने पडलं, हा विचार काही केला नाही.

वर्षं गेली. त्यांची मुलगी ईशिता माझ्या मागच्या सीटवर वाढली, शिकली आणि नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला गेली. मला इथल्या मिठाने गाठलं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांनी वर उडतं आणि दारांच्या खालच्या कडा पोखरतं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मला तर मीठच खात बसलं. हीटर एकाच बाजूला चालायचा. दर हिवाळ्याआधी मला वाटायचं, आता पुरे. भंगारात गेलेल्या त्या फ्रेंच मैत्रिणीचा मला हेवा वाटायचा.

मग उल्हासरावांचे डोळे अधू झाले. समोर बघितलं की मधोमध काळा डाग. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण माझी चाकं फुटपाथच्या कडेवर चढायला लागली तेव्हा मी समजले. अरुणाबाईही समजल्या. त्यांनी गुपचूप अभ्यास करून लेखी परीक्षा दिली आणि शिकाऊ लायसन्स पर्समध्ये ठेवून दिलं. पुढच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी लायसन्सच्या खात्याला कळवलं आणि उल्हासरावांचं लायसन्स गेलं. त्या दिवशी ते माझ्यात येऊन नुसतेच बसून राहिले.

ईशिताचा फोन आला तेव्हा दोघं गॅरेजपाशीच होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, बी रिअलिस्टिक. ड्राइव्ह न करता तिकडे कसं राहणार तुम्ही? विंटरमध्ये ग्रोसरी कोण आणणार? हाउस सेल करा, मी इथे काँडो फ्लॅट बघते."

"मला इथेच राहायचंय," अरुणाबाई म्हणाल्या. "माझ्या मैत्रिणी इथे आहेत. माझं घर आहे हे."

"ओके, पण देन हू विल ड्राइव्ह?"

"मी."

ईशिताने वाद घातला, अरुणाबाई हटल्या नाहीत. शेवटी ईशिताने कबूल करून घेतलं, की डिसेंबरच्या आत लायसन्स मिळालं तर राहायचं, नाहीतर घर विकायला काढायचं. माझा कुणी उल्लेख केला नाही, पण घर गेलं तर मीही भंगारात जाणार हे उघड होतं. मला ते चाललं असतं.

शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसन्स असलेलं कुणीतरी बसावं लागतं, आणि उल्हासराव आता त्या कामाचे राहिले नव्हते. म्हणून गौरांगी यायला लागली. ती नागपूरची, कंप्युटरवाली, उल्हासरावांची अगदी शेवटची विद्यार्थिनी. दर शनिवारी ती उजव्या सीटवर बसे, अरुणाबाई डावीकडे, आणि उल्हासराव जन्मात पहिल्यांदा मागे. तिथून त्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं.

"काका, मागून ड्रायव्हिंग नको हं."

"मी बोललो का काही?"

खरंच ते बोलत नसत. नुसता श्वास आत ओढत.

ऑक्टोबरात टेस्ट झाली. परीक्षक शेजारी बसला, उल्हासराव आणि गौरांगी केंद्रात थांबले. अरुणाबाईंनी मला मोकळ्या चौकात थांबवलं, हिरव्या सिग्नलला थांबवलं, वाऱ्याने उडालेल्या मेपलच्या पानासाठी थांबवलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या. त्या नापास झाल्या. मला वाटायला हवं होतं, की सुटले एकदाची. तसं वाटलं नाही. त्यांनी किल्ली काढून गौरांगीच्या हातात ठेवली, ते बघून मलाच भरून आलं.

परतताना गौरांगी चालवत होती. एका सिग्नलला तिने मला थांबवलं. मग ती म्हणाली, "काकू, रागावू नका, ऑनेस्टली सांगते. तुम्ही रस्ता बघून ब्रेक मारत नाही. काकांचा श्वास ऐकून मारता. आज काका गाडीत नव्हते, तरी तुम्हाला तो ऐकू येत होता."

मागच्या सीटवर उल्हासरावांनी हातमोजे काढले. घर येईपर्यंत ते हातमोजे कुरवाळत बसले होते. मी उभी राहते न राहते तोच ईशिताचा फोन आला, आणि तो त्यांनी स्वतः घेतला.

"बाबा, आय ॲम सॉरी, पण एजंटशी बोलू का आता?"

"थांब. आईची टेस्ट व्हायचीय अजून."

"बट शी फेल्ड, बाबा."

"ती नाही झाली फेल. मी तिला केलं, कितीतरी वर्षांपूर्वी," उल्हासराव म्हणाले. अरुणाबाई दाराशी होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या आत निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी उल्हासरावांनी सवयीने माझं मागचं दार उघडलं. जरा वेळ तसेच उभे राहिले आणि दार लावून म्हणाले, "तुम्ही जा. मी भांडी आवरून ठेवतो." त्यांच्या हातून त्या दिवशी दोन कप फुटले, असं मागाहून कळलं. पण रस्त्यावर चमत्कार झाला नाही. अरुणाबाई तशाच थांबत राहिल्या, त्या शनिवारी आणि त्याच्या पुढच्याही. मग एकदा डंडास स्ट्रीटवर सिग्नल हिरवा होता, पाय ब्रेककडे गेला, आणि तिथून मागे आला. आम्ही सिग्नल ओलांडून पुढे गेलो. गौरांगीने पुढचं वळण दाखवलं.

दुसरी टेस्ट नोव्हेंबरच्या अखेरीला होती. त्या दिवशी माझी खरंच गाडी म्हणवून घ्यायची अवस्था नव्हती. गारठ्याने इंजिन आखडलेलं. किल्ली फिरवली तरी मी नुसतीच कण्हत होते. अरुणाबाई चिडल्या नाहीत. स्टीअरिंगवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "चल गं बाई. तुझंही वय झालं, माझंही झालं. एवढं एक उरकू या." मित्रांनो, असं माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. मी सुरू झाले.

त्या पास झाल्या.

घरी आलो तेव्हा उल्हासराव घरासमोरच्या ड्राइव्हवेवर जाड पार्का कोट घालून उभे होते. सकाळपासून तिथेच असावेत. गौरांगीने ओरडून सांगितलं आणि ती आपल्या गाडीकडे पळाली, तिला ऑफिस गाठायचं होतं. उल्हासराव काचेजवळ आले. "अरुणा," ते म्हणाले, "मला फार आनंद झालाय." मग थोडं अडखळून त्यांनी विचारलं, "तुला वेळ असला तर मला लायब्ररीत सोडशील?"

"उद्या सोडते," अरुणाबाई म्हणाल्या. "आज मला एकटीला जायचंय."

"कुठे?"

"ते ठरवलं नाही."

उल्हासरावांची छाती भरून वर आली. मला वाटलं आता तो श्वास ऐकू येणार. पण त्यांनी तो सावकाश सोडून दिला. मग ते माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवत म्हणू लागले, "येऊ दे, येऊ दे. अजून येऊ दे." त्यांना नीट काही दिसत नव्हतं. अरुणाबाई थांबल्या. ते बाजूला हिरवळीवर सरकले, तेव्हा बाईंनी स्वतः आरसे बघितले आणि मला रस्त्यावर काढलं.

आत्ता आम्ही तळ्याकाठी उभ्या आहोत. त्यांनी इंजिन बंद केलंय. त्या जरा रडल्या, मग पर्समधून चिक्की काढून खाल्ली. कुठे पोचायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. मी थकलेली आहे, आणि आता माझ्यापुढे आणखी एक अख्खा हिवाळा आहे. सुटका लांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीला जपा, वसंतात तिच्या पोटाखालचं मीठ धुवा, हे मी सांगायला हवं, आणि सांगते. पण त्याआधी आपल्या घरात बघा, की गाडीची किल्ली कुणाच्या हातात कधी गेलीच नाही. ती द्या, आणि वेळेवर द्या. सत्तरी ओलांडल्यावर दिली तरी माणूस शिकतं, हे मी पाहिलं. पण तोवर गाडी दमलेली असते, आणि पुढचा रस्ता थोडाच उरलेला असतो.