आजोबांच्या बोटांतले नंबर

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. घरात मला सगळे ‘डबा’ म्हणत. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईने घाईघाईत माझ्या तोंडावरचे लेबल तिरके चिकटवले, त्यामुळे मी जन्मभर नाक मुरडल्यासारखा दिसत आलो. स्वभाव मात्र माझा तसा नाही. एका दुपारी केबलवाल्याने खिडकीच्या चौकटीला भोक पाडले, बाहेरची तार आत ओढून माझ्या पाठीत खुपसली आणि मला टीव्हीखालच्या फळीवर बसवले.

घरात माणसे तीन. आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचायला लावायचा. सून शाळेत शिकवायची. आजोबा म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधले जुने ऑपरेटर. उभी हयात लोकांचे फोन जोडून देण्यात गेली, त्यामुळे नंबर त्यांच्या डोक्यात नव्हे, बोटांतच राहायला आले होते.

बातम्यांचा नंबर, गाण्यांचा नंबर, मॅचचा नंबर, सगळे तोंडपाठ. केबलवाला मधूनच नंबर बदलून ठेवी आणि सगळी इमारत त्याच्या नावाने बोटे मोडी. आजोबा मात्र एका दुपारीत नवे नंबर पाठ करून मोकळे होत. शेजारी दारातून विचारत, “काका, गाण्यांचं चॅनल कुठे गेलं हो?” आणि आजोबा पेपरची घडी न मोडता नंबर सांगत. सून हसून म्हणे, “बाबांची आणि या डब्याची जोडी चांगली जमलीय.” ते ऐकून मला ऊब येई. तसा मी नेहमीच गरम असे, ते सोडा.

पण एक गोष्ट फक्त मला कळली होती. आधी आजोबा खुर्ची पुढे ओढून बसत. मग त्यांनी चष्मा लावणे सोडले. पुढे पुढे रिमोट दाबताना त्यांचा चेहरा माझ्याकडे असे, नजर मात्र भलतीकडेच. मॅच ते कानांनी बघत. संध्याकाळी मुलगा आला की निवेदकाकडून ऐकलेले सारे असे रंगवून सांगत की त्याला शंकासुद्धा येत नसे. मला सगळे दिसत होते. सांगणार कसा?

मग एके दिवशी मुलगा मोठ्या उत्साहाने एक नवे यंत्र घेऊन आला. माझ्या तळहाताएवढे, असे म्हणालो असतो, पण मला हात नाहीत. ते इंटरनेटवरून सगळी चॅनेल थेट दाखवणार होते. जरा वारा सुटला की माझे चित्र फाटायचे, त्यामुळे मुलाचेही चुकले नव्हते. माझी तार निघाली. केबलवाला न्यायला येईपर्यंत मला खालच्या फळीवर सरकवण्यात आले.

नव्या रिमोटला नंबरच नव्हते. पडद्यावर चिमुकल्या चित्रांच्या रांगा, त्यातून बघून निवडायचे. आजोबांनी रिमोट दोनदा चाचपला आणि बाजूला ठेवला.

“बाबा, शिकवतो ना मी. सोपं आहे.”

“राहू दे. हल्ली बघण्यासारखं असतं तरी काय?”

मुलगा हिरमुसला. रात्री बायकोला म्हणाला, “एवढं हौसेनं आणलं, तर हात लावायला तयार नाहीत. हट्टी झालेत.”

पुढच्या रविवारी मोठी मॅच होती. दुकान उघडे असल्याने मुलगा सकाळीच मॅच लावून गेला. आजोबा खूश होऊन बसले. दुपारी आवाज अचानक बंद पडला. ते बसूनच राहिले. पलीकडच्या घरातून ओरडा ऐकू येत होता आणि आमच्याकडे चिडीचूप. तेवढ्यात सून बाजारातून आली.

“मॅच थांबलीय बहुतेक,” आजोबा म्हणाले. “पाऊस असेल.”

सुनेने पडद्याकडे पाहिले. बराच वेळ कुणी बटण दाबले नव्हते, म्हणून नव्या यंत्राने मॅच थांबवून हातभर अक्षरांत विचारले होते, ‘तुम्ही अजून पाहत आहात का?’ तिने पिशवी हळूच खाली ठेवली.

“बाबा, समोर काय लिहिलंय?”

रिमोटवरून आजोबांचा अंगठा फिरत राहिला, नसलेले नंबर शोधत. मला त्या क्षणी फार वाईट वाटले.

संध्याकाळी मुलगा ऐकायलाच तयार नव्हता. “अगं, मी स्वतः तपासतो त्यांना. दुकानात शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचतात.”

“तक्ता तोच असतो ना दर वेळी?” सून म्हणाली. “अर्ध्या शहराचे नंबर पाठ असलेल्या माणसाला एक तक्ता जड जाईल?”

मुलगा आजोबांच्या खुर्चीजवळ गेला. म्हणाला, “बाबा, मला का नाही सांगितलंत?”

“माझ्या ताईचे डोळे गेले, तर तिला खुर्चीत बसवून ठेवलं सगळ्यांनी,” आजोबा म्हणाले. “कोपऱ्यावरसुद्धा एकटीला सोडलं नाही. मला तसं बसायचं नव्हतं रे.”

डॉक्टरांनी एक डोळा शस्त्रक्रियेने सुधारेल म्हणून सांगितले. दुसऱ्याची वेळ निघून गेली होती. मुलगा त्या दिवशी नीट जेवला नाही. पण मग त्याने वडिलांना खुर्चीत बसवून ठेवले नाही. त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत पायऱ्या, वळणे, खड्डे पाठ करत हिंडला. नव्या रिमोटवरचे बोलायचे बटणही त्याने शोधून काढले.

“इथे दाबा, बाबा, आणि बोला.”

आजोबा ताठ बसले. “हं. मॅच जोडून द्या.” आणि मॅच लागली. “आयुष्यभर लोक मला हेच सांगायचे,” म्हणून ते पोट धरून हसले.

मग केबलवाला मला घेऊन गेला. आता मी त्याच्या गोदामात माझ्यासारख्यांच्या ढिगात पडून आहे. मित्रांनो, जुनी वस्तू काढू नका असे मी म्हणणार नाही. नवे यायचेच. फक्त काढण्याआधी तिच्या आधाराने घरात कोण उभे आहे, ते बघा. नुसते विचारून निघून जाऊ नका, माणसे ‘काही नाही’ म्हणतात. जरा शेजारी बसा. आजोबांच्या घरात त्यांच्याजवळ रोज बसणारा मी एकटाच होतो, आणि मला बोलता येत नव्हते.